माझ्या पाठीमागचा आवाज

कोल्हापुरात माझ्या गाण्याची तारीफ करणारे अजून भेटतात. महाद्वाराच्या रस्त्यात कुणीतरी हात धरून थांबवतो आणि म्हणतो, "बुवा, काय तो तुमचा वरचा सूर! आणि या वयात!" मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला? तो सूर माझा नव्हता. माझ्या पाठीमागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या माझ्या शिष्याचा होता, आणि ही गोष्ट मला, त्याला आणि माझ्या बायकोला सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

महाराज गादीवर आल्यानंतर कोल्हापुरात पैलवानांना आणि गवयांना चांगले दिवस आले. खेड्यापाड्यांतून मुले तालमीत येत, तशी थोडीफार गळ्याच्या भरवशावरही येत. मी तसाच आलो. दरबारच्या चाकरीतल्या एका खाँसाहेबांपाशी शिकलो, पुढे स्वतः गाऊ लागलो. गाण्याचा नाद असलेल्या काही मंडळींनी एक मंडळ काढले आणि गायनशाळा सुरू केली, तेव्हा तिथे मास्तर झालो, आणि काही वर्षांनी मंडळाचा प्रमुखही. गाणाऱ्याने असले काम अंगावर घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण त्याची झीज गळा सोसतो. सकाळी मुलांच्या बेसूर गळ्यांवर ओरडायचे, दुपारी सतरंजी कुणी नेली आणि बत्तीत तेल का नाही यावर सभासदांशी घसा कोरडा करायचा, आणि संध्याकाळी त्याच गळ्याने गायचे. चाळिशी उलटली तसा माझा वरचा षड्ज फाटू लागला. खालचे घर शाबूत होते. वर गेलो की कापड टरकावे तसा आवाज होई.

त्याच्या आधी कधीतरी मी नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो असताना दत्ताच्या पालखीपुढे पदे म्हणणाऱ्यांत एक मुलगा ऐकला होता. जवळच्याच गावच्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. आवाज असा की घाटाच्या पायऱ्यांवरून नदीपलीकडे जावा. मी त्याच्या वडिलांना गाठले आणि मुलगा शिकायला मागितला.

ते म्हणाले, "गाऊन पोट भरतंय व्हय?"

"महाराजांच्या राज्यात भरते," मी म्हणालो.

त्यांनी मला खालून वर नीट पाहिले. मी तेव्हाही अंगाने बराच भरलेला होतो. "तुमचं भरल्यालं दिसतंय खरं," ते म्हणाले, आणि मुलगा माझ्या घरी राहायला आला.

तो काय शिकला आणि त्याने किती कष्ट केले ते सांगत बसत नाही. मी त्याला कुठे बसवले तेवढेच सांगतो. आमच्यात पाठीमागे बसणाऱ्याचा एक रिवाज आहे. गुरूने उघडलेला सूर शिष्याने धरायचा, लांबवायचा, गुरू दम घेत असेल तेव्हा ती जागा भरायची. पण गुरूने न उघडलेल्या सुराला आपण होऊन हात लावायचा नाही. आणि चिजेचा मुखडा, म्हणजे जी ओळ घेऊन गाणे पुन्हा पुन्हा समेवर परत येते ती, आपण होऊन उचलायची नाही. ती बेअदबी. रिवाज चांगला आहे. ऐकायची सवय लागते, उतावळेपणा जातो. दोन-चार वर्षांसाठी तो चांगला आहे. मी त्या मुलाला दहा वर्षांहून अधिक तिथे बसवले.

कारण उघड होते. वरचा षड्ज जवळ आला की मी डावा हात गुडघ्यावरून उचलायचा. सूर मी नुसता दाखवायचा, तोंड उघडे ठेवायचे, आणि मागून तो भरायचा. दहा वर्षे माझ्या गळ्याशी गळा लावून शिकल्यामुळे त्याचा आवाज माझ्या आवाजात कुठे शिरला ते पहिल्या रांगेलाही कळत नसे. लोक मला वाहवा देत. मी ती घेत असे, आणि घरी परतताना टांग्यात त्याच्याशी भलत्याच गोष्टी बोलत असे. पुढे पुढे तालमीलाही आमचे असेच चालू लागले. मी सुरुवात करायची, त्याने शेवट करायचा. त्याला पहिली ओळ पहिल्यांदा मी कधी म्हणायला लावली होती ते मला आठवत नाही. कदाचित लावलीच नसेल.

मंडळाचे चिटणीस वकील होते, आणि बोलायला वकिलासारखेच. ते दरवर्षी म्हणत, "बुवा, त्याला एकदा पुढं बसवा की."

"अजून कच्चा आहे," मी म्हणे.

"लोणचं घातलंय काय तुम्ही? किती वर्षं मुरवणार?"

मंडळी हसत. मीही हसे. तो दाराशी तंबोरे गवसणीत घालत असे, आणि त्याला ऐकू जात असे.

मग एका वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. गायनशाळेतली मुले वाढली आणि दुसऱ्या मास्तरांची गरज पडली. मंडळाचा नियम असा की मास्तर होणाऱ्याने आधी सभासदांपुढे स्वतंत्र बैठक करून दाखवायची. त्याच सुमारास त्याचे वडील कोल्हापूरला आले. जोतिबाचा गुलाल अजून फेट्याला होता. उंबऱ्यावरच बसून म्हणाले, "बुवा, धाकटा पलटणीत गेलाय. मोट हाकायला मी एकटा. ह्यो तुमच्याकडं मास्तर हुणार आसंल तर ऱ्हाऊ द्या, मी गडी ठेवतो. हुणार नसंल तर मी घिऊन जातो. पर तुमच्या मागं बसायला आता मी पोरगा दीत न्हाय."

म्हणजे त्या एका बैठकीवर सारे होते. ती झाली तर तो गवई, नाहीतर मोटेवर. मी बैठक ठरवली. त्यात माझा मोठेपणा नव्हता. नाही म्हणायला वाट उरली नव्हती.

बैठकीच्या दिवशी दुपारी माझ्या बायकोने त्याला माझा जुना जरीचा फेटा बांधून दिला. तो खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही आज गेला नाहीत तर नाही का चालणार?"

"मी नाही गेलो तर लोक काय म्हणतील?"

"तुमच्या पहिल्या बैठकीला तुमच्या खाँसाहेबांना ताप आला होता की."

ती गोष्ट खरी होती. माझ्या पहिल्या बैठकीला गुरू आले नाहीत. ताप आल्याचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाया पडायला गेलो तर ते पाटावर बसून कांद्याची भजी खात होते. ते मला वीस वर्षे लागून राहिले होते. मी बायकोला म्हणालो, "त्यांनी माझ्याशी केलं ते मी याच्याशी करणार नाही." हे मी मोठ्या अभिमानाने म्हणालो.

मंडळाची माडी मंगळवार पेठेत होती. दिवेलागणीच्या आधी ती भरली. त्याचे वडील शिरोळ रोड स्टेशनावरून आगगाडीने आले होते. पहिल्या रांगेत, वकिलांच्या शेजारी, काठी आडवी ठेवून मांडी घालून बसले. मीही पहिल्या रांगेत, जरा डावीकडे. शाळेतली दोन मुले तंबोऱ्यांवर होती. तो मध्ये, एकटा.

त्याने पूरिया धरला. षड्ज लावला आणि माडी गप्प झाली. तसा षड्ज मला माझ्या भरातल्या दिवसांतही लागला नव्हता. मग पुढे जायची वेळ आली, आणि तो थांबला. त्याची नजर समोर, जरा उजवीकडे गेली, जिथे दहा वर्षे माझी पाठ असे. तिथे नुसती सतरंजी होती. तो पुन्हा षड्जावर आला. पुन्हा निघाला, पुन्हा उंबऱ्यावर थांबला. एखादा सूर लागलाच तर तो त्यावर सुरेख रेंगाळे, पण पुढचे दार उघडत नसे. कुणी उघडेल म्हणून तो अदबीने उभा होता.

चीज सुरू झाली. तबलजीने समेवर थाप दिली आणि मुखडा आलाच नाही. पुढच्या आवर्तनाला आला, पण थाप पडून गेल्यावर, कुणाच्या तरी मागून आल्यासारखा. तबलजीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

मागून कुणीतरी म्हणाले, "ह्यो वाट कुणाची बघतोय?"

"गाडी चुकली आसंल," दुसरा म्हणाला. दबलेले हसू आले.

त्याच्या कपाळावर फेट्याखालून घाम उतरत होता. मी त्या वेळी गप्प बसायला हवे होते. आणखी चार आवर्तने, दहा आवर्तने, गरज पडली तर अर्धा तास. गळा चांगला होता, राग पक्का होता. कधीतरी त्याला उमगले असते की पुढे कुणी नाही. मी मुखडा उचलला. बसल्या जागेवरून, मांडीवर थाप देत.

त्याने तो झेलला आणि सरळ वरच्या षड्जावर जाऊन उभा राहिला. "वाऽ!" माडी एका तोंडाने ओरडली. मी पुढची ओळ दिली, त्याने ती पूर्ण केली. कुणीतरी म्हणाले, "बुवा, वर या, वर या!" आणि मी गेलो. मी गालिच्यावर बसलो तसा तो आपोआप मागे सरकला, एका मुलाच्या हातून तंबोरा घेतला आणि माझ्या पाठीशी बसला. त्याला हे कुणी सांगितले नव्हते.

आम्ही तासभर गायलो. मी त्या साऱ्या वर्षांत इतका चांगला गायलो नव्हतो. आणि मला ते आवडले. लिहायला हेच जड जाते. सारे संपेपर्यंत, सभासद उठून माझ्याभोवती जमेपर्यंत मी सुखात होतो. "गुरू असावा तर असा," ते म्हणत होते. "शिष्याची लाज राखलीत." मी हात जोडत होतो.

त्या गर्दीत त्याच्या वडिलांचा आवाज माझ्या कानावर आला. ते उठले नव्हते. शेजारच्या वकिलांना विचारत होते, "पावणं, आता आमच्या पोराचं गाणं हाय न्हवं?"

वकील उठता उठता पुन्हा खाली बसले. ते म्हणाले, "झालं की ते."

"कवा?"

सभासद पांगले तेव्हा ते माझ्यापुढे आले. रागाने बोलतील असे वाटले होते, पण ते मला समजावल्यासारखे बोलले. "बुवा, मी खासबागंत कुस्त्या बघतो. वस्ताद पोराला लांग चढवतो, पाठीवर थाप टाकतो, आन कडंला जाऊन बसतो. पोरगं खाली आलं तरी बसतो. सोता आखाड्यात उतरत न्हाय की वो. कुणाला बघायला आल्यात लोकं?"

मी मुलाकडे पाहिले. तो तंबोऱ्याच्या तारा उतरवीत होता. गवसणी घालून त्याने तंबोरा भिंतीला लावला, माझ्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "बुवा, माझं चुकलं."

माझे चुकले असे मला त्या क्षणी म्हणता आले असते. मी म्हणालो, "होतं असं पहिल्यांदा."

फेटा त्याने घडी करून माझ्या बायकोला परत दिला, आणि सकाळच्या गाडीने बापलेक निघून गेले.

मी त्याच्यामागे गेलो तो तिसऱ्या महिन्यात. लवकर का गेलो नाही, तर लाज वाटत होती. गेलो का, तर त्याचेही कारण साफ नव्हते. मंडळाचा वार्षिक जलसा तोंडावर आला होता, पत्रिकेत माझे गाणे छापले होते, आणि माझ्या पाठीमागे कुणी नव्हते. वाटेत गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी घोकत होतो की मी माफी मागायला चाललो आहे. शिरोळ रोडवर उतरून बैलगाडी केली. नवी जयसिंगपूरची पेठ तिथे आखली जात होती, मोकळ्या माळावर खुंट्या आणि दोऱ्या. गाडीवानाने विचारले, "वाडीला दर्सनाला का?" मी व्हय म्हणालो. तेही खोटेच.

त्याच्या मळ्याच्या बांधाशी आलो आणि पाय थांबले. मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतले जाई, मग बैल मागे मागे सरत. तो मोटेच्या नाड्यावर, त्या जाड दोरावर बसून हाकत होता आणि गात होता. मोटेवरचे गाणे नव्हते, संध्याकाळचा पूरिया होता. भर सकाळी. खाँसाहेबांनी कान उपटले असते. बैल निघाले की तो सूर उघडी, आणि ते खाली पोचेपर्यंत त्याला थांबायला सवड नसे. बैल कुणाची वाट बघत नाहीत. मागे येताना दम घेई, आणि पुन्हा स्वतःच निघे. मुखडा तो स्वतः उचलत होता. पाणी पडल्याच्या आवाजावर सम देत होता.

माझे तोंड उघडले होते. पुढची जागा मला ठाऊक होती, घशात आलीही होती. मी धोतराचा सोगा तोंडात धरला. त्या बांधावर मी केलेले एवढेच एक काम मला आज बरे वाटते.

मागून आवाज आला, "बुवा, पोराला न्यायला आला का काय सांगायला आला?" त्याचे वडील खांद्यावर वैरणीचा भारा घेऊन उभे होते.

मी खरे बोललो. "न्यायला निघालो होतो. आता सांगतो."

आंब्याखाली बसून मी त्या दोघांना सारे सांगितले. वरचा षड्ज, डावा हात, "अजून कच्चा आहे" हे मी का म्हणत होतो ते. मुलगा खाली बघत होता. हे सारे त्याला ठाऊक होते. पण ते माझ्या तोंडून येताना त्यालाच माझी लाज वाटत होती. बापाने मधेच विचारले, "म्हंजी दहा वरसं ह्येचंच गाणं लोक ऐकत हुती?"

"वरचं," मी म्हणालो.

"आन वाहवा तुमास्नी?"

"हो."

"मग त्येला आता खालचं बी गाऊ द्या की," ते म्हणाले आणि भारा उचलून गोठ्याकडे गेले.

मी त्याला म्हणालो, मंडळ पुन्हा बैठक ठेवेल, ती जबाबदारी माझी. तो काठीने मातीत रेघा ओढत राहिला. माझ्या घरी दहा वर्षे राहून त्याची बोली बदलली होती, ती तीन महिन्यांत परत आली होती. "बुवा, येतो. पर एक हाय."

"बोल."

"तुम्ही माडीवर यायचं न्हाय. खाली जिन्यात बी न्हाय." मग जीभ चावून म्हणाला, "माझी बेअदबी झाली. तुम्ही आसला की माझा गळा मागं जातो."

मी मंडळाचा प्रमुख. माझ्याच माडीवर मी जायचे नाही. मी होय म्हणालो, आणि होय म्हणताना मला राग आला होता हेही खरे.

वार्षिक जलशाच्या पत्रिकेत माझ्या नावावर काट मारून मी त्याचे नाव घातले. सभासदांना सांगितले की त्या दिवशी मला गाता येणार नाही, आणि त्याची बैठक तीच धरावी. ती संध्याकाळ मी रंकाळ्याच्या काठाने फिरण्यात काढली. माणसे हवा खात होती, म्हशी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या. आता षड्ज लागला असेल, आता चीज धरली असेल, आता थांबला असेल. दोनदा मी पेठेच्या वाटेला लागलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा परत फिरताना खाँसाहेबांची ती भजी आठवली. त्या दिवशी त्यांनाही गाव असेच तुडवावे लागले असेल का, की ते घरातच कडी लावून बसले होते, हे आता विचारायला ते नाहीत.

सकाळी वकील आले. चपला काढता काढताच म्हणाले, "काल होता कुठं बुवा?"

"ताप आला होता."

त्यांनी माझा हात धरून पाहिला. "गार आहे की."

"उतरला."

ते बसले. मी विचारले नाही, त्यांनीच सांगितले. सुरुवातीला जरा अडखळला, तबलजी घाबरला, पण नंतर निघाला तो निघालाच. त्याचा म्हातारा बाप पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता, हलला नाही. मास्तर म्हणून ठराव तिथेच झाला. मग वकील म्हणाले, "राग मानू नका, पण खरं सांगतो. काल तुमची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही."

ऐकताच मला लागले. आनंद झाला, पण तो त्याच्या मागून आला, आणि हा क्रम मी वकिलांना कळू दिला नाही. मी बायकोला हाक मारून त्यांच्यासाठी चहा सांगितला.